तीन ड्रोन, एक कॅमेरा मॉडेल आणि शिळी माहिती: स्वयंचलित ड्रोनचं प्रोग्रॅमिंग कसं शिकावं

प्रश्न थोडक्यात असा: पायथन येतं, मशीन लर्निंगचा एक अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे. तीन ड्रोननी मिळून एखादा मोकळा भाग पिंजून काढायचा आणि कॅमेऱ्यात माणूस दिसला की त्याची जागा कळवायची, असं काही बनवायचं आहे. सुरुवात कुठून करावी, ड्रोन कोणता घ्यावा, मॉडेल कोणतं निवडावं?

मॉडेलपासून सुरुवात करू नका, आणि ड्रोनही इतक्यात घेऊ नका. माणूस ओळखणारं मॉडेल हा या कामातला सगळ्यात आयता मिळणारा भाग आहे. ते एका दुपारी तुमच्या लॅपटॉपवर चालू होईल. खरा वेळ दुसऱ्याच गोष्टीत जातो. हवेतल्या यंत्राकडे असलेली प्रत्येक माहिती थोडी शिळी असते. कॅमेऱ्यातलं चित्र शिळं, शेजारच्या ड्रोनची जागा शिळी, तुम्ही दिलेली आज्ञा पोचेपर्यंत तीही शिळी. किती शिळी माहिती चालेल आणि ती मर्यादा ओलांडली की ड्रोननं काय करायचं, हे ठरवता आलं की बाकीचं त्याभोवती उभं राहतं. म्हणून खालचं सगळं उत्तर याच धाग्यानं वाचा.

आधी कोणाचं काम काय ते

ड्रोनवर दोन मेंदू असतात. एक फ्लाइट कंट्रोलर: पिक्सहॉक जातीचा बोर्ड आणि त्यावर अर्डूपायलट किंवा पीएक्स४ यांपैकी एक फर्मवेअर. जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक, वाचून मोटरींचा वेग बदलण्याचं काम तो सेकंदाला शेकडो वेळा करतो. दुसरा सोबतचा छोटा संगणक, म्हणजे रास्पबेरी पाय किंवा जेटसन. कॅमेरा, मॉडेल आणि शेजाऱ्यांशी बोलणं हे सगळं त्याच्याकडे. दोघं एकमेकांशी मॅव्हलिंक या ड्रोनसाठीच्या संदेशभाषेत बोलतात.

या दोघांमधली सीमा पाळायची. तुमच्या एआयनं सांगायचं ते एवढंच, की उत्तरेकडे सेकंदाला २ मीटरनं चल, किंवा या बिंदूवर जा. मोटर किती फिरवायची हे त्यानं सांगायचं नाही. लिनक्सवर चालणारा पायथन प्रोग्रॅम अधूनमधून अडखळतो: मेमरी साफ करताना, मेमरी कार्डवर लिहिताना, किंवा चिप तापून तिचा वेग उतरल्यावर. वेगाची आज्ञा ५० मिलिसेकंद उशिरा गेली तर कुणाला कळतही नाही. तोल सांभाळणाऱ्या आतल्या चक्रात तेवढाच खंड पडला तर ड्रोन उलटू शकतो.

पहिले दोन महिने सिम्युलेटर

अर्डूपायलट आणि पीएक्स४ दोन्हींमध्ये असं सिम्युलेशन मिळतं, की ड्रोनवर चालणारं फर्मवेअर तसंच्या तसं तुमच्या संगणकावर चालतं. खोटं असतं ते फक्त भौतिकशास्त्र. नवख्यानं अर्डूपायलटपासून सुरुवात करावी, कारण नकाशाच्या खिडकीसह ते एका आज्ञेत चालू होतं आणि हलक्या संगणकावरही धावतं. कॅमेऱ्याचं चित्र लागेल तेव्हा गझिबो हा त्रिमितीय सिम्युलेटर जोडा.

कोड लिहायला पायमॅव्हलिंक किंवा मॅव्हएसडीके हे ग्रंथालय घ्या. ड्रोनकिट हे जुनं ग्रंथालय टाळा. इंटरनेटवर त्याची उदाहरणं भरपूर आहेत, त्यामुळे कोड लिहून देणारे एआय सहायकही तेच पुढे करतात. पण त्याची देखभाल कधीची थांबली आहे आणि पायथन ३.१० पासून ते आयात करतानाच मोडतं. कारण ते पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधलं एक जुनं नाव वापरतं आणि ते नाव त्या आवृत्तीत काढून टाकलं गेलं. हे सहायक आणखी दोन ठिकाणी फसवतात: अस्तित्वात नसलेली पॅरामीटरची नावं छातीठोकपणे देतात, आणि उंचीचं चिन्ह चुकवतात. त्यांच्याकडून आलेली प्रत्येक ओळ सिम्युलेटरमध्ये चालवल्याशिवाय खऱ्या ड्रोनवर टाकू नका.

पहिला सराव साधा ठेवा: आर्म करा, म्हणजे मोटरी फिरायला मोकळ्या करा, १० मीटर वर न्या, २० मीटर बाजूचा चौकोन फिरवा, उतरवा. याच सरावात अक्षांचा घोळ समोर येईल. ऑटोपायलटच्या, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरवरच्या फर्मवेअरच्या, स्थानिक अक्षांमध्ये पहिला अक्ष उत्तर, दुसरा पूर्व आणि तिसरा खाली. म्हणजे १० मीटर वर जायचं तर तिसरा आकडा उणे १०. अधिक १० लिहिलं की ड्रोन जमिनीखाली १० मीटर जाण्याचा प्रामाणिक प्रयत्न करतो. रॉस या रोबोटांसाठीच्या सॉफ्टवेअर-चौकटीत मात्र पहिला अक्ष पूर्व, दुसरा उत्तर आणि तिसरा वर. रॉस आणि मॅव्हलिंक जोडणारं मॅव्हरॉस वापरलं तर रूपांतर तेच करतं. पीएक्स४ ला रॉस २ थेट जोडलं तर कोणी करत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. क्वाटर्नियनचा, म्हणजे ड्रोनचा कल सांगणाऱ्या चार आकड्यांचा, क्रमही दोघांचा वेगळा: पीएक्स४ मध्ये अदिश घटक पहिला, रॉसमध्ये शेवटचा.

यावर उपाय एकच. रूपांतराचं फंक्शन एकाच फाइलमध्ये ठेवा आणि कोडमध्ये इतरत्र कुठेही उणे चिन्ह हातानं लावू नका. त्याची चाचणी दोन ओळींची आहे: नाक उत्तरेला, म्हणजे दिशा ०, तेव्हा रॉसमधला कोन ९० अंश यायला हवा, नाक पूर्वेला, म्हणजे दिशा ९०, तेव्हा तो ० यायला हवा.

आज्ञा थांबली तर

इथे जरा थांबून नीट वाचा. पुढे तीन ड्रोन उडवताना होणाऱ्या बहुतेक अपघातांचं मूळ इथे आहे.

पीएक्स४ च्या ऑफबोर्ड मोडमध्ये, म्हणजे बाहेरच्या संगणकाच्या आज्ञांवर उडताना, तुमच्याकडून सेटपॉइंट, म्हणजे हव्या त्या वेगाचे किंवा जागेचे आकडे, सतत यावे लागतात, सेकंदाला दोनपेक्षा जास्त. मोड बदलण्याआधी किमान एक सेकंद ते वाहत असावे लागतात. नाहीतर तो मोडच स्वीकारला जात नाही, आणि नवशिक्याला वाटतं की बोर्ड बिघडला. प्रवाह तुटला की ठरलेल्या अवधीनंतर फेलसेफ, म्हणजे बिघाडासाठी आधीच ठरवलेली सुरक्षित कृती, लागू होतो. अर्डूपायलटच्या गाइडेड मोडमध्ये वेगाची आज्ञा मूळ सेटिंगनुसार ३ सेकंद टिकते, मग ड्रोन थांबतो. पण बिंदूवर जाण्याची आज्ञा अशी विरत नाही: तुमचा प्रोग्रॅम मेला तरी ड्रोन त्या बिंदूपर्यंत जाऊन तिथे तरंगत राहतो. हा फरक माहीत असूनच आज्ञेचा प्रकार निवडा.

आता सापळा पाहा. सेटपॉइंट सतत पाठवायचे म्हणून बहुतेकजण एक वेगळा थ्रेड लिहितात. तो सेकंदाला २० वेळा शेवटची आज्ञा पाठवत राहतो, आणि मॉडेलचा थ्रेड सवडीनं ती आज्ञा बदलतो. वरवर पाहता सुटसुटीत. पण कॅमेऱ्याची केबल हलली, मॉडेलचा थ्रेड अडकला, तरी पाठवणारा थ्रेड ‘पुढे २ मीटर’ हेच पुन:पुन्हा पाठवत राहतो. ऑटोपायलटच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं, कारण आज्ञा ताज्या येत आहेत. ताजा असतो तो फक्त लिफाफा. आतली चिठ्ठी दहा सेकंदांपूर्वीची. ऑटोपायलटमध्ये आयती मिळालेली सुरक्षा आपण आपल्याच हातानं निकामी केलेली असते.

म्हणून प्रत्येक निर्णयासोबत तो ज्या चित्रावरून घेतला त्या चित्राची वेळ ठेवा. पाठवणाऱ्या थ्रेडनं दर वेळी वय तपासावं: ३०० मिलिसेकंदांपर्यंत आज्ञा जशीच्या तशी, त्यापुढे वेग शून्य, २ सेकंदांपुढे आज्ञा पाठवणंच बंद, म्हणजे ऑटोपायलटचा फेलसेफ आपलं काम करेल. वय मोजायला मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारं, घड्याळ वापरा. भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ वापरली तर ती मध्येच दुरुस्त होऊन मागेपुढे उडी मारू शकते.

त्याच जागी आणखी एक तपासणी घाला: आकडा खरंच आकडा आहे का? पीएक्स४ च्या सेटपॉइंटमध्ये ‘नॅन’, म्हणजे अवैध संख्या, याचा अर्थ ‘हा अक्ष माझ्याकडून सोडून दिला’ असा होतो. मॉडेलच्या गणितात कुठे शून्याला शून्यानं भागलं गेलं तर चुकीचा आकडा अडवला जाण्याऐवजी त्याला वेगळाच अर्थ मिळतो.

ही सगळी पहारेकऱ्याची कामं एका छोट्या, मॉडेल नसलेल्या कोडमध्ये ठेवा: कमाल वेग, किमान उंची, कुंपण, वय, अवैध संख्या. पन्नास ओळी पुरतात. एआय कितीही हुशार असो, शेवटचा शब्द या पन्नास ओळींचा.

कॅमेरा आणि मॉडेल

मॉडेल निवडण्याआधी कागदावर एक हिशेब करा. ३० मीटर उंची, खाली पाहणारा कॅमेरा, आडवा कोन ६० अंश. जमिनीवर दिसणारी रुंदी २ गुणिले ३० गुणिले स्पर्शज्या ३०, म्हणजे सुमारे ३४.६ मीटर. चित्र ६४० पिक्सेलवर आणून मॉडेलला दिलं तर एक पिक्सेल ५.४ सेंटीमीटरचा. वरून माणसाचे खांदे साधारण अर्धा मीटर दिसतात, म्हणजे जेमतेम ९ पिक्सेल. एवढ्याशा ठिपक्यावरून मॉडेल माणूस आणि झुडूप यांत गल्लत करणारच. तेच चित्र १९२० पिक्सेलवर ठेवून तुकडे पाडून दिलं तर माणूस २८ पिक्सेलचा होतो आणि ओळख खूप सुधारते. बदल्यात मॉडेल एका चित्रासाठी अनेकदा चालवावं लागतं. मॉडेलची आवृत्ती बदलत बसण्यापेक्षा हा हिशेब जास्त फळ देतो.

योलो या वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलांच्या घराण्यातलं सर्वात लहान मॉडेल घ्या आणि ते वरून काढलेल्या चित्रांवर पुन्हा शिकवा. नेहमीच्या चित्रसंचांत माणसं समोरून दिसतात, वरून नाही. जेटसनवर टेन्सरआरटी या मॉडेल वेगवान करणाऱ्या साधनात अर्ध्या अचूकतेच्या, म्हणजे १६ बिटांच्या, आकड्यांवर उतरवलं की वेग चांगला वाढतो. आठ बिटांवर उतरवायचं असेल तर तुमच्याच हवेतल्या चित्रांनी कॅलिब्रेशन करा, नाहीतर लहान वस्तू गायब होतात. शटरचा वेगही पाहा: सेकंदाला ५ मीटर वेगानं उडताना शतांश सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये जमीन ५ सेंटीमीटर सरकते. शटर पाचशेव्या भागावर आणलं की ते एका सेंटीमीटरवर येतं.

माणूस दिसला, आता त्याची जागा काढायची. इथे पुन्हा शिळेपणा आडवा येतो. ड्रोन १० अंश कललेला असताना तुम्ही कॅमेरा सरळ खाली पाहतोय असं धरलं, तर ३० मीटरवरून जागा ५.३ मीटरनं चुकते. म्हणून झुकाव धरता. पण चित्र काढल्यापासून मॉडेलचं उत्तर येईपर्यंत १५० मिलिसेकंद गेले, आणि तुम्ही उत्तर आलं त्या क्षणीचा झुकाव वापरला. ड्रोन सेकंदाला ३० अंशांनी कलत असेल तर तेवढ्यात ४.५ अंश बदलले, म्हणजे चूक २.४ मीटर. झुकाव आणि जागा यांची मागच्या दोन सेकंदांची नोंद एका बफरमध्ये ठेवा आणि चित्राच्या वेळेची नोंद उचला. यासाठी दोन्ही संगणकांची घड्याळं जुळवावी लागतात. मॅव्हलिंकमध्ये त्यासाठी वेळजुळणीचा संदेश आहे. ड्रोन वळत असताना आलेल्या ओळखी कमी भरवशाच्या धरणं हाही सोपा आणि चांगला उपाय.

आता ड्रोन

पहिला खरा ड्रोन बोर्डाच्या पॅरामीटरना मोकळा प्रवेश देणारा हवा. बंद फर्मवेअरचा तयार ड्रोन या कामाला उपयोगी नाही. ४५० ते ५०० मिलिमीटरची फ्रेम, १० इंची प्रॉप म्हणजे पंखे, चार सेलची ५००० मिलिअँपिअर-तासांची लिपो बॅटरी, बाहेरच्या उडाणासाठी बरी. मोटरींचा एकूण जोर वजनाच्या दुप्पट तरी असावा.

उडाणाचा वेळ असा काढा: बॅटरीत १४.८ गुणिले ५, म्हणजे ७४ वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे ५९. अशा बांधणीत तरंगायला किलोमागे साधारण १३० वॅट धरा; ड्रोन १.८ किलोचा असेल तर २३४ वॅट. वेळ १५ मिनिटं. जेटसनचे १५ वॅट त्यातून एखाद मिनिटापेक्षा कमी खातात. त्याचं वजन आणि उष्णतानिवारक जास्त खातात. वाऱ्यात यातलं काही टिकत नाही, म्हणून नियोजन १० मिनिटांचंच करा.

जोडणीत हमखास चुकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सोबतच्या संगणकाला फ्लाइट कंट्रोलरच्या पोर्टमधून वीज देऊ नका. मॉडेल चालू होताना प्रवाह एकदम वाढतो, व्होल्टेज बसतं आणि संगणक हवेतच पुन्हा सुरू होतो. त्याला ५ व्होल्टचा स्वतंत्र रेग्युलेटर द्या. सीरियल तारा उलट्या जोडायच्या, एकाचा पाठवणारा पाय दुसऱ्याच्या घेणाऱ्याला, आणि ग्राउंड सामाईक. यूएसबी ३ ची उपकरणं आणि केबल जीपीएसपासून दूर ठेवा. त्यांच्या गोंगाटानं उपग्रह दिसेनासे होतात आणि टेबलावर ते कळत नाही. होकायंत्र बॅटरीच्या तारांजवळ असेल तर ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी वाढत्या वर्तुळात फिरू लागतो. असं दिसलं की ताबडतोब हाती नियंत्रण घ्या. पीआयडीत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या चक्राच्या आकड्यांत, शोध घेऊ नका, होकायंत्र उंच दांडीवर न्या.

एआय जोडण्याआधी ड्रोन नुसता उडवून लॉग पाहा. अर्डूपायलटच्या लॉगमध्ये कंपनाचा आकडा ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आत हवा. ६० च्या वर उंचीचा अंदाजच बिघडतो. टेबलावर काम करताना प्रॉप काढलेलेच असावेत, प्रत्येक वेळी. आणि बाहेर उडवण्याआधी आपल्या देशाचे हवाई नियम वाचा: एकाच माणसानं अनेक ड्रोन उडवण्याला बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते.

घरातच शिकायचं असेल तर क्रेझीफ्लाय हा चिमुकला ड्रोन चांगला मार्ग आहे. वजन तीसेक ग्रॅम, उडाण सुमारे ७ मिनिटं, सगळं खुलं. आपटला तरी फार नुकसान होत नाही, त्यामुळे थव्याचे प्रयोग धीटपणे करता येतात.

तिघांचा मेळ

आधी तीन लागतात का ते पाहा. २०० मीटर बाजूचा चौकोनी भाग, वरच्या हिशेबातली ३४.६ मीटर रुंदी, ३० टक्के एकावर एक. पट्ट्यांमधलं अंतर २४ मीटर, म्हणजे ९ पट्टे, वळणांसह सुमारे २ किलोमीटर. सेकंदाला ५ मीटरनं एकच ड्रोन हे सात-आठ मिनिटांत उरकतो. शिकण्यासाठी तीन जरूर घ्या, पण एवढ्या भागासाठी मेळ घालण्याची गुंतागुंत परवडत नाही हेही ध्यानात असू द्या. भाग चौपट झाला की गणित फिरतं.

सिम्युलेटरमध्ये तीन ड्रोन एकदम चालू करता येतात. प्रत्येकाला वेगळा सिस्टिम क्रमांक द्या, मूळ क्रमांक सगळ्यांचा १ असतो. क्रमांक सारखे राहिले तर एकाला दिलेली आज्ञा तिघेही पाळतात.

दुसरी चूक आरंभबिंदूची. प्रत्येक ड्रोनचा स्थानिक शून्य त्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या जागी असतो. पाच-पाच मीटरवर ठेवलेल्या तीन ड्रोनना तुम्ही ‘शून्य, शून्य, उणे १०’ सांगितलं तर प्रत्येक जण आपल्याच जागेवर वर जातो. आणि दोघांनी पाठवलेल्या स्थानिक जागांची वजाबाकी करून अंतर काढलं तर उत्तर पाच मीटरनं खोटं येतं. देवघेव अक्षांश-रेखांशात करा, किंवा सगळ्यांसाठी एकच आरंभबिंदू फाइलमध्ये लिहून प्रत्येकाचं अंतर त्यापासून मोजा. उंचीसाठीही तेच: दाबमापकाची उंची तापमानानं आणि वाऱ्यानं सरकते, त्यामुळे दोन ड्रोनमध्ये उंचीचं अंतर ५ मीटरपेक्षा कमी ठेवू नका. शिवाय वरच्या ड्रोनचा खाली येणारा झोत खालच्याचा तोल घालवतो, हे वेगळंच.

सुरक्षित अंतर अंदाजानं ठरवायचं नसतं. समजा वेग सेकंदाला ५ मीटर, ब्रेक लावताना मिळणारं मंदन ३, आणि शेजाऱ्याची जागा अर्धा सेकंद शिळी. थांबायला २५ भागिले ६, म्हणजे ४.२ मीटर, शिळेपणाचे २.५. एकाचे ६.७, समोरासमोर येणाऱ्या दोघांचे १३.४. साध्या जीपीएसची चूक प्रत्येकी अडीच मीटर धरली तर १८ मीटरच्या वर. वेग २ वर आणा: तेच अंतर साडेआठ मीटरच्या आत येतं. चूक सेंटीमीटरवर आणायला आरटीके, म्हणजे जमिनीवरच्या स्थानकाकडून दुरुस्ती घेणारं जीपीएस, आहे, पण वेग कमी करणं त्याआधी करून पाहा. त्याला काहीच लागत नाही.

शेजाऱ्यांना दर सेकंदाला ५ ते १० वेळा आपली जागा, वेग आणि वेळ कळवा. जागेसोबत वेग असला की मधला अर्धा सेकंद भरून काढता येतो. रॉस २ वापरत असाल तर सावध: एकमेकांना शोधण्याची त्याची मूळ पद्धत मल्टिकास्टवर, म्हणजे एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्यावर, चालते आणि वायफायवर मल्टिकास्ट हळू आणि बेभरवशाचं असतं. टेबलावर सुरळीत चाललेली यंत्रणा मैदानात तिसरा ड्रोन चालू होताच गुदमरते. ड्रोनच्या आतलं रॉस आतच ठेवा. बाहेर फक्त साठ-सत्तर बाइटचं छोटं यूडीपी पाकीट, म्हणजे पोच न मागणारा संदेश, पाठवा. हरवलेलं पाकीट पुन्हा मागू नका. पुढचं ताजं येतच आहे.

काम वाटण्यासाठी सुरुवातीला जमिनीवरचा एक संगणक, म्हणजे केंद्र, पुरे. कोणता ड्रोन कोणत्या पट्ट्यावर, हे एकूण अंतर कमीत कमी ठेवून ठरवायला हंगेरियन पद्धत आहे. हॅरोल्ड कून यांनी ती १९५५ मध्ये मांडली आणि हाच प्रश्न सोडवणारं फंक्शन पायथनच्या सायपाय ग्रंथालयात तयार मिळतं. ड्रोनांनी आपापसात लिलाव करून कामं वाटणं, हे नंतर. त्यासाठी आधी केंद्र बंद पडल्यावर काय बिघडतं ते अनुभवायला हवं.

एक ड्रोन बोलेनासा झाला तर? पहिला विचार येतो की त्याचे पट्टे उरलेल्या दोघांना द्यावे. पण न बोलणारा ड्रोन पडलेलाच असतो असं नाही. फक्त त्याचा रेडिओ गेला असेल आणि तो ठरलेल्या पट्ट्यावर निवांत उडत असेल. तुम्ही दुसऱ्याला त्याच उंचीवर तिथेच पाठवलंत तर टक्कर तुम्हीच घडवली. म्हणून प्रत्येकाची उंची कायमची वेगळी: ३०, ३५, ४० मीटर. ४० मीटरवरचा कॅमेरा सगळ्यात कमी बारीक पाहतो, तेव्हा पिक्सेलचा हिशेब त्याच्यासाठी करा. आणि ज्याचा संपर्क तुटला त्यानं स्वतःहून ठरलेल्या वेळेत, समजा १० सेकंदांत, पट्टा सोडून परत यायचं. केंद्रानं त्याचे पट्टे ३० सेकंदांनंतरच दुसऱ्याला द्यायचे.

परतीचीही उंची वेगळी हवी. अर्डूपायलटमध्ये परतीची मूळ उंची १५ मीटर असते. एकदम निघालेल्या तीन ड्रोनच्या बॅटऱ्या जवळपास एकाच वेळी उतरतात, तिघांचाही बॅटरी फेलसेफ काही सेकंदांच्या फरकानं लागतो. ३०, ३५, ४० मीटरवर उडणारे आपापल्या उंचीनं परततात, पण खाली उडत असतील तर तिघेही १५ वर येतात आणि एकाच दिशेनं, एकमेकांजवळच्या उतरण्याच्या जागांकडे निघतात. परतीची उंची २०, २६, ३२ अशी द्या, उतरण्याच्या जागा किमान १० मीटर दूर ठेवा, आणि निघण्यात एक-एक मिनिटाचं अंतर पाडा.

शिकणारं नियंत्रण कुठे बसतं

थव्याचं वागणं साध्या नियमांतून उभं राहतं हे क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये संगणकावरच्या पक्ष्यांतून दाखवलं: फार जवळ जाऊ नको, शेजाऱ्यांच्या दिशेनं चल, घोळक्यात राहा. हे तीन नियम एका संध्याकाळी लिहून होतात. पण खऱ्या ड्रोनवर तसेच चालवले तर थवा डोलू लागतो, कारण विलंब, जडत्व आणि जीपीएसची चूक त्या नियमांत नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३० ड्रोनचा थवा मोकळ्या हवेत उडवला तेव्हा हे दोष सिम्युलेशनमध्ये धरले आणि नियमांतले आकडे उत्क्रांतीच्या अल्गोरिदमनं शोधले. नियम माणसानं लिहायचे आणि आकडे यंत्रानं शोधायचे, ही वाटणी शिकणाऱ्यासाठीही उत्तम आहे.

रीइन्फोर्समेंट लर्निंगनं, म्हणजे चुकत-सुधारत बक्षिसातून शिकण्यानं, काय साधतं याचं मोठं उदाहरण झुरिक विद्यापीठाचं आहे. त्यांच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेनं ड्रोन शर्यतीत विजेत्या मानवी वैमानिकांना हरवलं. २०२३ मध्ये ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. ती सिम्युलेशनमध्ये शिकली, पण खऱ्या उडाणांतून मोजलेला संवेदकांचा आणि हालचालीचा फरक त्या सिम्युलेशनमध्ये परत घातला गेला. तुमच्या प्रयोगातही तेच करा: १०० ते २०० मिलिसेकंदांचा बदलता विलंब, वारा, वजनात १० टक्के फरक, गळालेली पाकिटं. विलंब न घालता शिकवलेलं धोरण सिम्युलेटरमध्ये देखणं उडतं आणि मैदानात पहिल्याच मिनिटाला हेलकावे घेतं. आउटपुट वेगाच्या आज्ञेपुरतंच ठेवा, आणि ते पहारेकरी कोडमधूनच बाहेर जाऊ द्या.

मैदानात जाण्याआधी

रोज दोन तास दिले तर पाच-सहा महिन्यांत तिथवर पोचता येतं. तीन ड्रोनचं उडाण सिम्युलेटरमध्ये सुरळीत झालं की मुद्दाम मोडायला बसा. मॉडेलचा प्रोग्रॅम मध्येच मारा. मग तो न मारता नुसता गोठवा. लिनक्समध्ये त्यासाठी वेगळा सिग्नल आहे. गोठवलेला प्रोग्रॅम जास्त वाईट, कारण जोडणी उघडीच राहते आणि कुणाला काही कळत नाही. नेटवर्कवर ३० टक्के पाकिटं गाळा. एका ड्रोनचं घड्याळ दोन सेकंद मागे न्या; अनेक छोट्या संगणकांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं, आणि मैदानात इंटरनेट नसताना ते जुनीच वेळ धरून बसतात. केंद्राचा लॅपटॉप बंद करा. प्रत्येक वेळी तिघांमधलं कमीत कमी अंतर लॉगमधून काढा आणि आधी ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

मैदानात पहिल्या दिवशी एकच ड्रोन हवेत, बाकीचे दोन सिम्युलेटरमध्ये, तिघेही एकाच नेटवर्कवर. खरा ड्रोन खोट्या शेजाऱ्यांना टाळतो की नाही हे असं बिनधोक कळतं. दुसऱ्या दिवशी दोन खरे. तिसरा खरा ड्रोन लागोपाठ दहा उडाणं निर्धोक झाल्यावर. प्रत्येक ड्रोनमागे एक माणूस, हातात रिमोट, अंगठा मोड बदलण्याच्या स्विचवर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं रिमोट धरायचा नाही, त्याची नजर स्क्रीनवर असते. सेलमागे ३.५ व्होल्ट भाराखाली दिसले की उतरवायचं. उतरल्यावर बॅटरी काढण्याआधी लॉग उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात ड्रोनचा क्रमांक घाला, कारण तिन्ही बोर्ड आपल्या फाइलना सारखीच नावं देतात.